हेडमास्तरांच्या कपाटातले फोन

एखादी गोष्ट मनावर घेतली की मी ती तडीस नेतो, हे माझ्याबद्दल सगळ्यांना माहीत आहे. निदान मी तरी ते सगळ्यांना सांगत आलो आहे. त्यामुळे सोशल मीडिया कमी करून संतुलित आयुष्य जगायचं असं मी ठरवलं, तेव्हा ते जमेल की नाही ही शंका माझ्या मनाला शिवलीसुद्धा नाही. शंका इतरांना आली. पण इतरांचं काय घेऊन बसलात, त्यांना दुसऱ्याचं चांगलं होईल याचीच मुळात शंका असते.

निमित्त घडलं जेवणाच्या टेबलावर. भिंतीवरचं घड्याळ किती उंचीवर लावावं, या विषयावर एका अनोळखी गृहस्थाने अत्यंत बेजबाबदार मत मांडलं होतं आणि ते खोडून काढणं माझ्यावर येऊन पडलं होतं. मी एका हाताने जेवत होतो आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने समाजाचं प्रबोधन करत होतो. समोर बायको काहीतरी सांगत होती. मी मधूनमधून "हं", "अच्छा" आणि एकदा तर "वा!" असंही म्हणालो. संसार जुना झाला की एवढ्यावर भागतं, अशी माझी समजूत होती.

"मी आत्ता काय म्हणाले?" तिने विचारलं.

शाळेतसुद्धा असा प्रश्न विचारण्याआधी मुलांना थोडी पूर्वसूचना देतात. मी जरा विचार करून म्हणालो, "गॅस संपत आलाय."

"गॅस परवाच बदललाय. तुम्हीच बदललात." तिने ताटातला घास तसाच ठेवला. "मला बढती देतायत. दुसऱ्या गावी नवी प्रयोगशाळा निघतेय, तिची प्रमुख म्हणून. दोन वर्षं तिथेच राहावं लागेल. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी संध्याकाळपर्यंत साहेबांना हो की नाही ते कळवायचंय. आणि हे मी तुम्हाला तिसऱ्यांदा सांगतेय."

माझी बायको पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. गावभरच्या टाक्यांचे नमुने बाटल्यांतून तिच्या टेबलावर येतात आणि तिची सही झाल्याशिवाय कुठलं पाणी चांगलं ठरत नाही. एवढी अधिकारी बाई, पण आवाज म्हणून कधी चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही. चढवला असता तर फार बरं झालं असतं, कारण मग मला चिडता आलं असतं.

"मला कुणाशी तरी बोलून ठरवायचंय," ती म्हणाली. "मुलीला विचारलं. ती म्हणाली, बाबांशी बोल." मुलगी शिकायला परगावी असते, तिथून तिला असे सल्ले देणं सोपं जातं. "तेव्हा शनिवारच्या आत मला एक नवरा मिळेल का? जुनाच चालेल."

"एवढंच ना?" मी म्हणालो आणि फोन टेबलावर पालथा घातला. तो लगेच थरथरला. मी पाहिलं नाही. पाहिलं, पण उचलला नाही. उचलला, पण तो फक्त बंद करायला.

आता कुठलीही गोष्ट सोडायची तर ती रीतसर सोडली पाहिजे. चोरासारखं पळून जाणं माझ्या रक्तात नाही. मी रोज सकाळी चहाच्या कपाचा फोटो आणि त्याखाली एक विचार असं टाकत असे. तो अचानक बंद झाला तर लोक सैरभैर होतील, म्हणून दुसऱ्याच दिवशी मी "संतुलनाकडे" या मथळ्याचा एक दीर्घ लेख लिहून जाहीर केला. आपण का थांबत आहोत, कुणी वाईट वाटून घेऊ नये, आपल्याला शोधू नये, वगैरे सगळं त्यात होतं. पहिल्या तासाभरात तिघांनी अंगठा दाखवला. त्यातला एक माझा मेहुणा, तो काहीही न वाचता अंगठा दाखवतो. एका बाईंनी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. आणि एका इसमाने विचारलं, "हे कोण?"

याला उत्तर देणं भाग होतं. ते सविस्तर दिलं. त्यावर त्याने "बरं" एवढंच लिहिलं. या "बरं"मध्ये जो उर्मटपणा होता, त्याचाही समाचार घ्यावा लागला. मग मेहुण्याने मध्ये पडून दोघांनाही अंगठा दाखवला, त्याच्याशी वेगळं बोलावं लागलं. थोडक्यात, सोशल मीडिया सोडण्याच्या कामापायी मी त्या दिवशी एरवीपेक्षा दुप्पट वेळ सोशल मीडियावर होतो. पण सामान बांधायला घेतलं की घर आधी जास्तच विस्कटतं, हे कुणीही मान्य करेल.

संध्याकाळी बायको कामावरून आली, दोन कप चहा घेऊन समोर बसली आणि म्हणाली, "बोलायचं का?"

"एवढा निरोप आटोपू दे," मी म्हणालो. तिने स्वतःचा चहा संपवला आणि माझा झाकून ठेवला.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात, त्यांना सगळे "तज्ज्ञ" म्हणतात. ते नेमके कशाचे तज्ज्ञ आहेत हे कुणालाच ठाऊक नाही, त्यामुळे कुठल्याही विषयात त्यांना मज्जाव नाही. माझा संकल्प कानावर जाताच ते जिन्यात गाठून म्हणाले, "स्क्रीन काळीपांढरी करून टाका. रंग गेला की रस जातो. माझं बघा." त्यांनी खिशातून फोन काढून दाखवला. तो रंगीत होता. "मी अजून केलेलं नाही," ते म्हणाले, "पण करणाऱ्यांना फार फायदा झालाय."

मी केलं. मी विमा कंपनीत आहे, अपघातात चेपलेल्या गाड्यांचे फोटो तपासून नुकसानभरपाईचं ठरवणं हे माझं काम, आणि घाईच्या वेळी ते फोटो फोनवरच येतात. दुसऱ्या दिवशी मी एका लाल गाडीच्या अपघातापायी हिरव्या गाडीचा दरवाजा मंजूर केला. हे दोन्ही गाडीमालक एकाच वेळी आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये आले. साहेबांनी मला बोलावून "डोळे तपासून घ्या" एवढंच सांगितलं. ते इतक्या सहानुभूतीने सांगितलं की मला दिवसभर जेवण गेलं नाही.

रंग परत आणले. मग मी स्वतःच्या बुद्धीने फोन झोपायच्या खोलीतल्या कपाटाच्या माथ्यावर ठेवला. तिथवर माझा हात पोचत नाही, स्टूल घ्यावं लागतं. मी स्टूल घेतलं. स्टुलावर उभं राहून वाचलं तर तो वापर धरायचा नाही, असा एक पोटनियम मी मनाशी केला. संध्याकाळ छान गेली. पोटऱ्या तेवढ्या भरून आल्या. बायको खोलीत आली, तिने एकदा माझ्याकडे आणि एकदा स्टुलाकडे पाहिलं.

"उतरा," ती म्हणाली. "पडाल. मग शनिवारी मला अस्थितज्ज्ञाशी बोलावं लागेल."

आमच्या समोरच्या दारात निवृत्त हेडमास्तर राहतात. उभी हयात त्यांनी मुलांकडून वस्तू जप्त करण्यात घालवली. भोवरे, आरसे, शिट्ट्या, एकदा तर दप्तरातून जिवंत कासव. निवृत्त झाल्यापासून जप्त करण्यासारखं काही हाती लागत नव्हतं आणि त्याने त्यांची तब्येत ढासळली होती. माझी अडचण ऐकल्यावर ते आरामखुर्चीतून ताडकन उठले. त्यांच्याकडे एक लोखंडी कपाट आहे, तसं भक्कम कपाट मी आमच्या कंपनीतही पाहिलेलं नाही.

"संध्याकाळी कामावरून आलात की मोबाईल इथे जमा," ते म्हणाले. "सकाळी जाताना परत. मध्येच हवा असेल तर पालकाची चिठ्ठी."

"माझं वय काय, हेडमास्तर!" मी म्हणालो. "पालक कुठून आणू?"

"बायकोची चालेल."

आणि काय सांगू, मात्रा लागू पडली. पहिल्या संध्याकाळी मी फोन दिला आणि घरी येऊन बसलो. थोड्या वेळाने मला कार्यालयातून काही निरोप आला असेल अशी काळजी वाटू लागली. कार्यालयाच्या हिताचा प्रश्न असल्यामुळे मी बायकोकडून चिठ्ठी लिहून घेतली आणि समोर नेऊन दिली. हेडमास्तरांनी चष्मा लावून मोठ्याने वाचली: "यांना फोन देऊ नये." खाली तिची सही होती, तीच, जिच्यामुळे पाणी पिण्यालायक ठरतं. हेडमास्तरांनी दार लावून घेतलं.

खरं म्हणजे इथेच थांबायला हवं होतं. फोन समोरच्या घरात, बायको या घरात, मधे दुसरं कुणी नाही. पण चांगली गोष्ट आपल्यापुरती ठेवावी हा कोतेपणा मला जमत नाही. दुसऱ्या दिवशी मी जिन्यात दोघाचौघांना सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या मावशी दिवसभर कापडी फुलं करण्याचे व्हिडिओ बघतात आणि एकही फूल करत नाहीत; त्या फोन घेऊन आल्या. तळमजल्यावरचे दाताचे डॉक्टर, पेशंटने आ केला की फोन बघतात अशी तक्रार होती, तेही आले. तज्ज्ञ आले आणि "ही कल्पना मूळ माझी" असं म्हणून रांगेत सगळ्यांच्या पुढे उभे राहिले. बघता बघता निम्मी इमारत संध्याकाळी हेडमास्तरांच्या दारात उभी राहू लागली. हेडमास्तर नाव पुकारायचे, आपण "हजर" म्हणून फोन पुढे करायचा. मावशी "हजर" म्हणताना लाजायच्या.

या सगळ्याला कुणीतरी वळण लावणं आवश्यक होतं. ते मी लावलं. मला सगळे प्रवर्तक म्हणू लागले. आता प्रवर्तक म्हटलं की व्याप आलाच. फोन वाजत ठेवायचे की गप्प? दातदुखी अचानक उद्भवली तर? मावशींच्या फोनला वेगळं फडताळ मिळावं का? रोज संध्याकाळी जिन्याच्या चौकात आमच्या चर्चा रंगू लागल्या. एकदा बायकोने दारातून डोकावून विचारलं, "जरा आत येता का? बसून बोलू."

"आलोच," मी म्हणालो, "एवढा फडताळाचा विषय मिटू दे."

फडताळाचा विषय मिटला, तेव्हा ती पुस्तक तोंडावर ठेवून झोपली होती. तिला मुद्दाम उठवून बोलणं मला बरं वाटलं नाही.

एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात आली नव्हती. फोन गप्प केले तरी त्यांच्यावर निरोप उजळतात, आणि हेडमास्तर जन्माचे कर्तव्यदक्ष. कपाटात काय चाललंय हे ते अधूनमधून उघडून पाहू लागले आणि जे दिसेल ते दारात उभं राहून कळवू लागले. "मावशी, तुमच्या भाचीने फोटो बदललाय! आधीचा बरा होता!" "डॉक्टर, तुमच्या वर्गमित्राने परदेशी गाडी घेतलीय!" लोक दारं उघडून ऐकू लागले. काही जण मुद्दाम हेडमास्तरांच्या दारासमोरून जाऊ-येऊ लागले. हेडमास्तर प्रत्येक निरोपावर शेराही मारत, "साधारण", "अक्षर सुधारा", "याने आधीही असंच लिहिलं होतं". मावशी म्हणाल्या की फोनपेक्षा यात जास्त गंमत आहे. आणि एका संध्याकाळी भर जिन्यात हेडमास्तरांनी पुकारलं, "प्रवर्तक! तुमच्या निरोपाच्या लेखावर आणखी एकाने विचारलंय, हे कोण?"

जिन्यात हशा पिकला. मी हसण्यावारी नेलं, पण ते लागायचं तिथे लागलं.

दुसऱ्या आठवड्यात शुक्रवारी सचिव आडवे आले. आमच्या सोसायटीचे सचिव नियमाशिवाय शिंकत नाहीत. त्यांचं म्हणणं, राहत्या घरात इतरांच्या वस्तू साठवणं म्हणजे गोदाम, आणि गोदामाला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते.

"मग घ्या सभा," मी म्हणालो.

"सभेची सूचना ग्रुपवर टाकावी लागते. कागदी सूचना आपण मागेच ठराव करून बंद केल्यात. तो ठराव तुम्हीच मांडला होता."

"टाका ग्रुपवर."

"टाकली. संध्याकाळची वेळ, कुणी वाचलीच नाही. सगळ्यांचे फोन कपाटात आहेत."

"मग कपाटातून काढून वाचू."

"कपाटच बेकायदेशीर आहे," सचिव म्हणाले. "बेकायदेशीर ठिकाणी वाचलेली सूचना मी ग्राह्य धरू शकत नाही."

असा पेच भल्याभल्यांना सुटला नसता. मी सोडवला. आमच्या कंपनीत तिजोरीला दोन किल्ल्या असतात, दोन वेगळ्या माणसांकडे. त्याच धर्तीवर मी सुचवलं की कपाटाच्या कडीला सोसायटीचं एक जाडजूड कुलूप लावायचं आणि त्याची किल्ली सचिवांकडे राहील. म्हणजे साठवण सोसायटीच्या देखरेखीखाली आली, गोदामाचा प्रश्नच मिटला. सचिवांनी बराच वेळ विचार करून यात काही खोट सापडत नाही असं कबूल केलं. माणसं माझ्याकडे आदराने पाहू लागली. त्याच भरात मी जाहीर केलं की शनिवारी सुट्टी आहे, तेव्हा उद्या दिवसभराचा फोनत्याग, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, संपूर्ण इमारतीचा.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "उद्या शनिवार आहे."

"हो ना! उद्या आपला मोठा कार्यक्रम आहे," मी उत्साहाने म्हणालो. "तुझाही फोन द्यावा लागेल बरं का. प्रवर्तकाच्याच घरात एक फोन मोकळा हिंडतोय म्हटल्यावर लोक नावं ठेवतील."

ती उठली, फोन आणून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "चहाच्या वेळेला मला तो परत हवा. साहेबांना सांगायचंय."

"माझा शब्द," मी म्हणालो.

शनिवार बहारदार उजाडला. इमारत शांत होती. लोक गॅलरीत उभे राहून एकमेकांशी बोलत होते, काय बोलावं ते न सुचून आत जात होते आणि पुन्हा बाहेर येत होते. चहाची वेळ झाली. मी हेडमास्तरांकडे गेलो. त्यांनी आपली किल्ली फिरवली, मग आम्ही दोघेही त्या दुसऱ्या कुलपाकडे पाहत उभे राहिलो.

सचिव पुतणीच्या लग्नाला गेले होते. किल्ली त्यांच्या खिशात होती. रविवारी दुपारी येणार असं शेजारच्या बिऱ्हाडाने सांगितलं.

"फोन करा त्यांना," तज्ज्ञ म्हणाले, आणि मग स्वतःच गप्प झाले.

पुढचा तासभर जे झालं ते कुठल्याही सुशिक्षित समाजाला शोभणारं नव्हतं. ज्या थोड्या लोकांनी फोन दिले नव्हते ते आमच्या उपक्रमाला कंटाळून सकाळीच बाहेर पडले होते. पलीकडच्या इमारतीतून एक फोन मागून आणला, पण नंबर कुणाचा लावणार? सचिवांचा नंबर कपाटात. बायकोच्या साहेबांचा नंबर कपाटात. मावशींना फक्त त्यांच्या लहानपणच्या घरचा नंबर पाठ होता. तो लावून पाहिला, तो आता एका चपलांच्या दुकानाचा आहे. कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्याचा बोर्ड मला नक्की आठवत होता. मी धावत गेलो. दुकान बंद होतं आणि बोर्डावर लिहिलं होतं, "तातडीच्या कामासाठी खालील नंबरवर फोन करा." नंबर घोकत मी धावत परत आलो, जिन्यात तज्ज्ञांनी मला विचारलं "काय झालं?" आणि शेवटचे आकडे सांडले. पुन्हा गेलो, कागदावर लिहून आणला, तोवर मागून आणलेल्या फोनचे मालक सिनेमाला निघून गेले होते, अर्थात फोन घेऊन.

दाताच्या डॉक्टरांनी आपली हत्यारं आणली. छोटा आरसा कुलपात घालून, बॅटरी धरून त्यांनी बराच वेळ आत पाहिलं. "मूळ खोल आहे," ते म्हणाले. "याला एका बैठकीत होणार नाही." तज्ज्ञांनी तेल सोडायला सांगितलं. तेल सोडलं. आता कुलूप हातातून निसटायला लागलं. हेडमास्तर कपाटासमोर हात पसरून उभे होते. तोडाफोडीला त्यांचा तत्त्वतः विरोध होता.

आणि तेवढ्यात कपाट वाजलं.

सगळे फोन गप्प ठेवायचा नियम होता, पण बायकोचा वाजता राहिला होता. ही घंटा मला ठाऊक होती. घरात ती वाजली की मी "तुझा फोन" म्हणायचो आणि मान वर करायचो नाही. लोखंडाच्या पोटात ती घंटा वाजत राहिली आणि थांबली.

बायको आमच्या दारात उभी होती. ती आली आणि जिन्याच्या पायरीवर बसली. मी हातात तेलकट फडकं घेऊन तिला समजावू लागलो की चिंतेचं कारण नाही, आपण छिन्नी आणतोय, डॉक्टरही प्रयत्नांत आहेत.

"बसा," ती म्हणाली.

मी बसलो.

"फोन गेला तुमचा," ती म्हणाली, "पण तुम्ही काही परत आला नाहीत."

एरवी मला उत्तर शोधावं लागत नाही. तेव्हाही तोंडाशी बरंच आलं होतं: चळवळ, शिस्त, दोन किल्ल्या. पण तिचा चेहरा पाहिला. कित्येक दिवसांत तो मी पहिल्यांदाच नीट पाहत होतो. मला लाज वाटली, कान तापतात तशी खरीखुरी लाज. जिन्यात पंधरावीस माणसं उभी होती आणि कपाटाला टेकून हेडमास्तर आमच्याकडेच बघत होते, पण त्याला इलाज नव्हता.

"तुला जायचंय का?" मी विचारलं.

"जायचंय," ती लगेच म्हणाली. इतक्या लगेच, की हे उत्तर किती दिवस तिच्या तोंडाशी थांबलं असेल ते मला कळलं. "फार जायचंय. रिकामी खोली आहे तिथे. यंत्रं कुठे ठेवायची इथपासून सगळं मी ठरवणार. पण भीती वाटते."

"कामाची?"

"कामाची कसली? मी तिकडे गेले आणि मी इथे नाही हे तुमच्या लक्षातच आलं नाही तर?"

वरच्या पायरीवर मावशींनी पदर नाकाला लावला. मी तिला सांगितलं की येईल लक्षात, सारखं येईल, आत्तापासूनच यायला लागलंय. सांगितलं की मला तू जायला हवी आहेस आणि मला फार चुकल्यासारखं होणार आहे, आणि या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दर सुट्टीला मी तिकडे येईन. नाही आलो तर तू हेडमास्तरांना चिठ्ठी लिही.

"मी स्वतः गाडीत बसवून देईन," हेडमास्तर मागून म्हणाले.

ती हसली. कपाट पुन्हा वाजू लागलं. दाताचे डॉक्टर त्वेषाने कुलपावर वाकले. बायको उठली, साडी झटकली आणि पायांत चपला सरकवल्या.

"कुठे?" मी विचारलं.

"साहेब शनिवारी प्रयोगशाळेतच असतात. पुलापलीकडे तर आहे. जाऊन सांगते."

सगळा जिना तिच्याकडे पाहू लागला. एवढ्या माणसांत हे एकालाही सुचलं नव्हतं. "मी हेच सुचवणार होतो," तज्ज्ञ म्हणाले.

मी तिच्याबरोबर निघालो. वाटेत ती बोलत होती आणि मी ऐकत होतो. पाण्यातली घाण ओळखायची एक सोपी रीत तिने बसवली आहे आणि आता सगळ्या खात्यात तीच वापरतात, हे मला तेव्हा कळलं. नव्या खोलीला मोठी खिडकी हवी असं तिचं म्हणणं. का, ते मी विचारलं. तिने पूल संपेपर्यंत सांगितलं. मला सगळं समजलं असं नाही, पण जिथे समजलं नाही तिथे मी परत विचारलं.

साहेब टेबल आवरत होते. "दोनदा फोन केला," ते म्हणाले. "उचलला नाहीत, म्हणून मला वाटलं नकारच आहे. दुसरं नाव कळवायला निघालो होतो."

"फोन कपाटात आहे," बायको म्हणाली. साहेबांना यावर अधिक काही विचारावंसं वाटलं नाही. त्यांनी माझ्या तेलकट हातांकडे एकदा पाहिलं आणि तिला विचारलं, "घरी बोलणं झालं ना?"

"झालं. येताना झालं," ती म्हणाली. "मी जाणार आहे, सर."

साहेबांनी उठून तिचं अभिनंदन केलं. ती मान ताठ करून उभी होती आणि मला एकदम भरून आलं.

बाहेर पडताच माझा हात खिशात गेला. अशी बातमी, आणि जगाला सांगायला खिशात काही नाही! आत मावेना. फाटकाशी रखवालदार होता, त्याला सांगितलं, "माझी बायको प्रयोगशाळेची प्रमुख झाली." तो खुर्चीवरून उठून उभा राहिला आणि त्याने तिला नमस्कार केला. बसथांब्यावर एक वयस्क बाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्यांना सांगितलं. त्यांनी पिशवी बाजूला ठेवली, दोन्ही हातांनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "शाब्बास गं पोरी." हे कोण, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या शेजारच्या तरुणाने कानातल्या वायरी काढल्या आणि म्हणाला, "काय झालं?" मी त्याला पहिल्यापासून सांगायला घेतलं, रिकामी खोली, मोठी खिडकी, पाणी तपासायची रीत, सगळं.

"अहो, पुरे," बायको म्हणाली आणि तिने माझी बाही ओढली, पण काही फार जोरात नाही. रस्त्यापलीकडच्या थांब्यावर बरीच गर्दी होती. आम्ही रस्ता ओलांडून तिकडे गेलो.